सिलिकॉनवर कोरलेले संकोचन

संगणकात साठवला जाणारा आणि संगणकांच्या जाळ्यातून वाहणारा डेटा पुष्कळदा त्याच्या मूळ आकारात नसतो. साठवण्यापूर्वी किंवा पाठवण्यापूर्वी त्याला आटोपशीर रूप दिले जाते आणि वापरण्याच्या क्षणी तो पुन्हा उलगडला जातो. या क्रियेला कॉम्प्रेशन, म्हणजेच डेटाचे संकोचन म्हणतात. संकोचन हा मुळात एक व्यवहार आहे. त्यात जागा वाचते, पण ती वाचवण्यासाठी वेळ आणि वीज मोजावी लागते, आणि हा व्यवहार परवडणारा आहे की नाही हे साठवणुकीची जागा, जाळ्याचा वेग आणि प्रोसेसरचा वेळ या तिहींच्या त्या त्या काळातील किमतींवर ठरते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या किमतींत मोठा पालट झाला आहे, आणि त्याचे मुख्य कारण नव्या गणितात नसून जुने गणित जेथे केले जाते ती जागा बदलली यात आहे. पूर्वी प्रोग्रामच्या सूचनांमार्फत सामान्य प्रोसेसर जे काम करीत असे, ते आता केवळ त्याच कामासाठी घडवलेल्या विद्युत् मंडलांकडे सोपवले जाऊ लागले आहे. अशा मंडलाला हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटर किंवा गतिवर्धक म्हणतात.

संकोचनाचे दोन मोठे प्रकार आहेत आणि त्यांतील फरक आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. छायाचित्र, ध्वनी आणि चलच्चित्र यांच्या बाबतीत डोळ्याला किंवा कानाला न जाणवणारा तपशील कायमचा गाळला तरी चालतो. या सव्यय संकोचनाचा पाया असलेले एक गणिती रूपांतर बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले, आणि त्यावर आधारलेली चलच्चित्रे उलगडणारी मंडले आज प्रत्येक मोबाइलमध्ये असतात. दुसऱ्या प्रकारात मात्र एक बिटही गमावून चालत नाही, कारण बँकेच्या खात्यातील एखादा अंक किंवा प्रोग्राममधील एखादी सूचना ‘साधारण तशीच’ परत मिळून उपयोग नसतो. या निर्व्यय संकोचनाला स्वतःचे मंडल मिळण्यास तुलनेने अधिक काळ लागला, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेच आहे.

पुनरुक्तीचे दोन प्रकार

निर्व्यय संकोचन शक्य होते ते पुनरुक्तीमुळे. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने बेल प्रयोगशाळेत काम करीत असताना १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात संदेशातील माहितीचे मोजमाप कसे करावे हे दाखवून दिले. जे आधीच ओळखता येते ते सांगण्यात नवी माहिती नसते आणि जे अनपेक्षित असते त्यातच माहिती असते, हा विचार त्याने गणिताच्या भाषेत मांडला आणि प्रत्येक माहितीस्रोताला एक किमान आकार असतो, ज्याच्या खाली कोणतीही निर्व्यय पद्धत त्याला सरासरीने नेऊ शकत नाही, हे सिद्ध केले. या मापाला त्याने एन्ट्रॉपी असे नाव दिले. पुढील सर्व पद्धती या मर्यादेच्या शक्य तितके जवळ जाण्याचे प्रयत्न आहेत, आणि ती ओलांडण्याची सोय वेगवान यंत्रालाही नाही.

या पद्धतींच्या मुळाशी असलेल्या दोन युक्त्या मराठी लेखनव्यवहाराला अपरिचित नाहीत. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे शब्द पत्रामागून पत्रात येणार हे ठाऊक असल्यामुळे ते ‘सा. न. वि. वि.’ एवढ्यावर भागवले जातात. ‘राजमान्य राजश्री’चे ‘रा. रा.’ आणि ‘मुक्काम पोस्ट’चे ‘मु. पो.’ होते, एखाद्या गावाचे क्वचित येणारे नाव मात्र पूर्ण लिहावे लागते. जे वारंवार येते त्याला आखूड खूण आणि जे विरळा येते त्याला लांब खूण, या तत्त्वाला काटेकोर रूप दिले ते डेव्हिड हफमन याने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकत असताना, परीक्षेऐवजी लिहावयाच्या निबंधासाठी त्याने हा प्रश्न हाती घेतला आणि चिन्हांच्या वारंवारतेवरून सर्वांत किफायतशीर खुणा तयार करण्याची रीत शोधून काढली. ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. या रीतीत कोणतीही खूण दुसऱ्या खुणेची सुरुवात नसते, त्यामुळे खुणांमध्ये विरामचिन्ह नसले तरी एक कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते याविषयी संदेह राहत नाही.

दुसरी युक्ती दस्तऐवजांच्या भाषेतील आहे. खरेदीखतात मिळकतीचे वर्णन चतुःसीमेसह एकदाच सविस्तर येते आणि त्यानंतर जेथे जेथे तिचा उल्लेख होतो तेथे ‘सदरहू मिळकत’ एवढेच म्हटले जाते. वाचणारा मागे जाऊन मूळ वर्णन पाहू शकतो, म्हणून ते पुन्हा लिहावे लागत नाही. हैफा येथील टेक्निऑन संस्थेतील अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव या संशोधकांनी १९७७ साली मांडलेल्या पद्धतीचे सार हेच आहे. डेटा वाचत जाताना पूर्वी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आढळला, तर तो न लिहिता ‘इतके बाइट मागे जा आणि तेथून इतके बाइट उचल’ अशी दोन अंकांची सूचना लिहिली जाते. बाइट म्हणजे आठ बिटांचा गट.

या दोन युक्त्यांची जोड म्हणजे डिफ्लेट नावाची पद्धत. फिल कॅट्झ या अमेरिकी प्रोग्रामरने ती आपल्या पीकेझिप या प्रोग्रामसाठी तयार केली. तिच्यात आधी मागील ३२ किलोबाइटांच्या टप्प्यात पुनरुक्तीचा शोध घेतला जातो, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त २५८ बाइटांचे जुळते तुकडे मागील संदर्भांनी बदलले जातात, आणि मग उरलेली अक्षरे व ते संदर्भ यांना हफमनच्या खुणा दिल्या जातात. त्या काळात संकोचनाच्या काही पद्धतींवर पेटंटचा हक्क सांगितला जात होता आणि जिफ चित्रांच्या बाबतीत त्यावरून मोठा वादही झाला होता. डिफ्लेट मात्र तशा अडथळ्याविना वापरता यावी अशा बेताने मांडली गेली. जाँ-लू गाइली आणि मार्क अ‍ॅडलर यांनी तिच्यावर आधारलेली जीझिप आणि झेडलिब ही साधने सर्वांसाठी खुली केली आणि १९९६ साली तिचे संपूर्ण वर्णन आंतरजालाच्या मानकांमध्ये प्रसिद्ध झाले. वेबपाने, पीएनजी चित्रे, झिप फाइली, माहितीसाठ्यांच्या राखीव प्रती अशा असंख्य ठिकाणी तीच पद्धत रुजली. पुढे तिला मंडलाचे रूप मिळाले त्याचे बीज या खुलेपणात आहे.

देवनागरीचा तिप्पट भार

या पद्धतीचे महत्त्व मराठी मजकुराच्या बाबतीत विशेष ठळकपणे दिसते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या सर्वाधिक प्रचलित मांडणीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, पण देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून तो १५ बाइट व्यापतो, तर पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ५ बाइटांत मावतो. मराठी मजकूर असा मुळातच तिपटीच्या घरातील भार घेऊन जाळ्यात उतरतो.

परंतु हा भार बराचसा पोकळ असतो. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिल्याचे मूल्य नेहमी २२४ असते आणि दुसऱ्याचे १६४ किंवा १६५ यांपैकी एक असते; खरा भेद तिसऱ्या बाइटात असतो. ‘मराठी’च्या पंधरा बाइटांत २२४ हा अंक पाच वेळा आणि १६४ चार वेळा येतो. जे इतके ठरलेले आहे त्यात शॅननच्या अर्थाने माहिती जवळजवळ नाही, आणि म्हणून हफमनच्या रीतीत या बाइटांना अतिशय आखूड खुणा मिळतात. शिवाय ‘आहे’, ‘आणि’, ‘केला’, ‘त्यामुळे’ यांसारखे नित्याचे शब्द मागील संदर्भांत सामावतात. मराठी विकिपीडियाचे पान वाचकाच्या मोबाइलपर्यंत संकुचित रूपात पोहोचते तेव्हा लिपीवर लादलेल्या या अतिरिक्त भाराचा मोठा हिस्सा वाटेत गळून गेलेला असतो.

तरीही एक उणीव उरते. डिफ्लेटची मागे पाहण्याची मर्यादा ३२ किलोबाइटांची आहे, म्हणजे इंग्रजी मजकुरात तिला सुमारे बत्तीस हजार अक्षरे मागचे दिसते, तर देवनागरीत जेमतेम अकरा हजार चिन्हे मागचे. पुनरुक्ती शोधणाऱ्याची स्मृती जितकी लहान, तितका देवनागरीला त्याचा फटका अधिक. ही गोष्ट मंडलांच्या रचनेचा विचार करताना पुन्हा लक्षात घ्यावी लागेल.

वेळ कोठे जातो

संकुचित डेटा उलगडणे हे तुलनेने सोपे काम आहे, कारण उलगडणाऱ्याला केवळ सूचना पाळायच्या असतात. संकोचन करणाऱ्याला मात्र शोध घ्यावा लागतो. सॉफ्टवेअर हा शोध हॅश टेबलच्या साहाय्याने घेते. समोरच्या तीन बाइटांवर एक छोटी गणिती क्रिया करून एक अंक काढला जातो आणि त्या अंकाच्या कप्प्यात, पूर्वी असेच तीन बाइट कोठे कोठे आले होते त्या जागांची साखळी ठेवलेली असते. त्या साखळीतील प्रत्येक जागी जाऊन पुढे किती बाइट जुळतात हे एकेक करून पाहायचे, सर्वांत लांब जुळणी निवडायची, आणि पुढच्या बाइटापासून याहून लांब जुळणी मिळते का हेही कधी कधी तपासायचे, असा हा क्रम असतो.

आधुनिक प्रोसेसर वेगवान असतो तो पुढे काय होणार याचा अंदाज घेऊन कामे आधीच सुरू करतो म्हणून. संकोचनात मात्र पुढचे पाऊल पूर्णपणे डेटावर अवलंबून असते, जुळणी चार बाइटांवर तुटेल की चाळीस बाइटांवर हे आधी सांगता येत नाही, आणि अंदाज चुकला की सुरू केलेले काम टाकून देऊन पुन्हा आरंभ करावा लागतो. परिणामी झेडलिबच्या नेहमीच्या पातळीवर प्रोसेसरच्या एका गाभ्याकडून (कोअरकडून) सेकंदाला दोन अंकी मेगाबाइट एवढेच संकोचन होते. उदाहरणादाखल, सेकंदाला तीनशे कोटी ठोके असलेला गाभा ५० मेगाबाइट संकुचित करीत असेल, तर प्रत्येक बाइटामागे त्याचे साठ ठोके खर्च होतात. येथे ठोका म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत घड्याळाचे एक आवर्तन. आजच्या एसएसडी सेकंदाला अनेक गिगाबाइट वाचू-लिहू शकतात, त्यामुळे त्यांच्या वेगाने संकोचन करायचे तर अख्खा सर्व्हर त्याच कामाला जुंपावा लागेल.

या अडचणीवर सॉफ्टवेअरच्या बाजूनेही चांगली उत्तरे शोधली गेली आहेत. गूगलची स्नॅपी आणि यान कोले यांची एलझेडफोर या पद्धती हफमनचा टप्पाच गाळून आणि शोध आवरता घेऊन वेग मिळवतात, पण त्यांत जागा कमी वाचते. कोले यांनीच फेसबुकमध्ये घडवलेली आणि २०१६ साली खुली केलेली झेडस्टँडर्ड ही पद्धत यारेक दुदा या पोलिश संशोधकाच्या नव्या खूणपद्धतीच्या आधाराने वेग आणि बचत यांचा अधिक चांगला मेळ घालते. तथापि प्रोसेसरचा वेळ खर्च होतोच, आणि भाड्याने दिलेल्या सर्व्हरांच्या व्यवसायात तो वेळ म्हणजेच विकाऊ माल असतो.

मंडल वेगळे काय करते

खास घडवलेले मंडल तेच गणित करते, पण एकामागून एक नव्हे, तर एकाच वेळी अनेक ठिकाणी. त्याची रचना कारखान्यातील सरकत्या पट्ट्यासारखी असते. पट्ट्यावर प्रत्येक ठोक्याला, समजा, आठ बाइटांचा एक गट येतो. पहिल्या टप्प्यावर त्या आठही बाइटांपासून सुरू होणाऱ्या तुकड्यांचे हॅश अंक एकदम काढले जातात. दुसऱ्या टप्प्यावर मंडलातच बसवलेल्या लहान मेमरीच्या अनेक कप्प्यांतून पूर्वीच्या संभाव्य जागा एकदम उचलल्या जातात. तिसऱ्या टप्प्यावर तुलना करणाऱ्या मंडलांची एक रांग त्या सर्व जागा समोरच्या डेटाशी एकदम ताडून पाहते. चौथ्या टप्प्यावर एकमेकींवर न चढणाऱ्या चांगल्या जुळण्या निवडल्या जातात. आणि त्यानंतर त्यांना हफमनच्या खुणा देऊन परिणाम बाहेर पडतो. एक गट शेवटच्या टप्प्यावर असताना पुढचे गट मागच्या टप्प्यांवर असतात, त्यामुळे पट्टा कधी रिकामा राहत नाही. असे मंडल सेकंदाला दोनशे कोटी ठोक्यांनी चालले, तर ते १६ गिगाबाइट डेटा हाताळते. येथे कसला अंदाज घ्यावा लागत नाही आणि सूचना वाचण्यात व समजून घेण्यात वीजही जात नाही, कारण सूचना मंडलाच्या तारांच्या जुळणीतच रुजलेली असते.

या रचनेची किंमत शोधाच्या खोलीत मोजावी लागते. सॉफ्टवेअर हवे तितके रेंगाळून शेकडो जागा तपासू शकते. सरकत्या पट्ट्याला थांबता येत नाही, म्हणून मंडल मोजक्याच जागा पाहते आणि त्यांतील उत्तम ती निवडते. हफमनच्या टप्प्यावर आणखी एक पेच उभा राहतो. सर्वोत्तम खुणा ठरवायच्या तर आधी सगळा डेटा पाहून प्रत्येक चिन्हाची वारंवारता मोजायला हवी, म्हणजे डेटा दोनदा हाताळायला हवा. त्यावर तोडगा म्हणून विशिष्ट प्रकारच्या डेटासाठी आधीच तयार ठेवलेले खुणांचे तक्ते वापरले जातात, किंवा डेटाच्या आरंभीच्या भागाचा नमुना घेऊन त्यावरून तक्ता बेतला जातो. त्यामुळे मंडलाने संकुचित केलेली फाइल सॉफ्टवेअरच्या सर्वांत चिकाटीच्या पातळीवरील फाइलीपेक्षा सहसा थोडी मोठी असते. सॉफ्टवेअरच्या जलद पातळीशी मात्र मंडल सहज बरोबरी करते.

कार्डापासून चिपपर्यंत

संकोचनाचे मंडल ही कल्पना नवी नाही. माहितीच्या राखीव प्रती ज्यांवर ठेवल्या जातात त्या चुंबकीय फितींच्या यंत्रांत ती १९८० च्या दशकापासून आहे, आणि तेथे तिची गरजही वेगळी होती: फीत ठराविक वेगाने फिरते, डेटा त्या वेगाने मिळाला नाही तर तिला थांबून, मागे येऊन पुन्हा धावावे लागते, आणि त्यात वेळ जातो व फितीची झीजही होते. म्हणून संकोचन फितीच्याच वेगाने, यंत्राच्या आतच व्हायला हवे. आजही एलटीओ जातीच्या फितींवर दोन आकार छापलेले असतात. नवव्या पिढीच्या फितीवर १८ टेराबाइट हा खरा आकार आणि ४५ टेराबाइट हा डेटा अडीच पट आटेल असे गृहीत धरून सांगितलेला आकार असतो.

घरगुती संगणकांच्या बाबतीत इतिहासाने उलटसुलट वळणे घेतली. १९९० च्या सुमारास डिस्क लहान आणि महाग असताना स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने डिस्कवरील डेटा आटवणारे स्टॅकर हे साधन विकले, आणि वेग हवा असणाऱ्यांसाठी त्याच्यासोबत संकोचनाचे मंडल असलेले कार्डही उपलब्ध होते. पण त्या काळात प्रोसेसर दर एक-दोन वर्षांनी इतके वेगवान होत होते की अशा कार्डाची गरज फार काळ टिकत नसे. २००० च्या दशकाच्या मध्यापासून हे चित्र पालटले. चिपवरील ट्रान्झिस्टरांची संख्या वाढत राहिली, पण उष्णतेच्या मर्यादेमुळे घड्याळाचा वेग वाढणे जवळजवळ थांबले. वेग आपोआप मिळेनासा झाल्यावर, मुबलक मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरांतील काही विशिष्ट कामांसाठी बाजूला काढणे शहाणपणाचे ठरू लागले, आणि खास मंडलांचा काळ परत आला.

आयबीएम कंपनीच्या मोठ्या संगणकांत हा प्रवास स्पष्टपणे पाहता येतो. २०१३ साली तिने आपल्या मेनफ्रेम संगणकांसाठी डिफ्लेट संकोचनाचे वेगळे कार्ड उपलब्ध केले. कार्ड वेगवान होते, परंतु डेटा मुख्य मेमरीतून कार्डापर्यंत नेणे आणि परिणाम परत आणणे यात काही काळ जाई, त्यामुळे लहान तुकड्यांच्या बाबतीत फायदा घटत असे. शिवाय प्रत्येक यंत्रात अशी कार्डे विकत घेऊन बसवावी लागत. पुढच्या पायरीवर कंपनीने हे मंडल प्रोसेसरच्या चिपवरच आणले, आधी पॉवर९ मध्ये आणि मग २०१९ साली आलेल्या झेड१५ मध्ये. तिच्या अभियंत्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील आकडे विचार करायला लावणारे आहेत. पॉवर९ चिपवर हे मंडल अर्ध्या टक्क्याहूनही कमी क्षेत्र व्यापते, तरी ते त्याच चिपच्या एका गाभ्यावर चालणाऱ्या झेडलिबच्या ३८८ पट, आणि चिपवरील सर्व गाभे एकत्र कामाला लावले तरी त्यांच्या १३ पट वेगाने संकोचन करते. झेड१५ मध्ये हा वेग आणखी दुप्पट झाला, आणि त्या जातीच्या सर्वांत मोठ्या संगणकातील अशी सर्व मंडले मिळून सेकंदाला २८० गिगाबाइटपर्यंत डेटा आटवू शकतात. झेड१५ मध्ये संकोचन ही प्रोसेसरची एक साधी सूचनाच बनली. बेरीज किंवा गुणाकार जसा कोणताही प्रोग्राम थेट करू शकतो, तसे संकोचनही तो कोणाची मध्यस्थी न घेता करू शकतो.

इंटेल कंपनीचे क्विकअसिस्ट हे तंत्र याच वाटेने गेले. आरंभी स्वतंत्र कार्डांत आणि साहाय्यक चिपांत असलेले हे मंडल जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या झिऑन प्रोसेसरांपैकी अनेकांत मुख्य चिपच्या सोबतीला येऊन बसले. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली प्रोजेक्ट झिपलाइन या नावाने आपली संकोचनपद्धती आणि तिच्या मंडलाचा आराखडा इतरांनाही वापरता यावा म्हणून खुला केला. नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात उभ्या असलेल्या डेटा सेंटरांसारख्या ठिकाणी, जेथे विजेचा आणि थंडाव्याचा खर्च सतत चालू असतो, तेथे प्रोसेसरचा वाचलेला प्रत्येक ठोका हिशेबात धरला जातो.

उलगडण्याची बाजू

संकोचन एकदा होते आणि उलगडणे अनेकदा, त्यामुळे उलगडणाऱ्या मंडलांचेही महत्त्व मोठे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ या खेळयंत्राची एसएसडी सेकंदाला ५.५ गिगाबाइट डेटा वाचते. खेळाची दृश्ये मात्र क्रॅकन या पद्धतीने संकुचित केलेली असतात आणि ती उलगडणारे मंडल यंत्रातच असल्यामुळे प्रत्यक्षात मिळणारा वेग सहसा ८ ते ९ गिगाबाइटांचा असतो. म्हणजे येथे संकोचनाने जागा तर वाचवलीच, शिवाय डिस्कचा वेगही वाढवला. त्याच सुमारास आलेल्या एक्सबॉक्स सीरीज एक्स मध्ये २.४ गिगाबाइटांचा मूळ वेग अशाच मंडलामुळे ४.८ पर्यंत जातो. २०२४ साली एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलेल्या ब्लॅकवेल चिपांतही एलझेडफोर, स्नॅपी आणि डिफ्लेट उलगडणारे स्वतंत्र मंडल आहे, कारण प्रचंड माहितीसाठ्यांवर चालणाऱ्या गणनेत संकुचित डेटा उलगडण्यातच पुष्कळ वेळ जात असल्याचे दिसून आले होते.

उलगडण्यातील खरी अडचण क्रमाची आहे. हफमनच्या खुणा कमी-जास्त लांबीच्या असतात आणि त्यांच्यामध्ये विराम नसतो, त्यामुळे सध्याची खूण वाचून झाल्याशिवाय पुढची कोठे सुरू होते हे कळत नाही. हजार कामगार हाताशी असले तरी एकाच रांगेत एकानेच वाचायचे असा हा प्रकार आहे. यावरचा उपाय मंडलात नसून पद्धतीच्या मांडणीत आहे. मोठा डेटा लहान स्वतंत्र भागांत विभागला आणि प्रत्येक भागात अनेक प्रवाह शेजारी शेजारी ठेवले, तर ते एकाच वेळी वाचता येतात. जीडिफ्लेट ही डिफ्लेटची नवी आवृत्ती याच हेतूने ६४ किलोबाइटांचे स्वतंत्र तुकडे करते. यंत्र आणि पद्धत एकमेकांना घडवीत असतात, हे येथे प्रत्ययास येते.

कोरण्याची जोखीम

मंडलाच्या बाजूने इतके सांगितल्यावर त्याच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. आधीच आटवलेल्या चित्रांत व चलच्चित्रांत पुनरुक्ती उरलेली नसते आणि सांकेतिक रूप दिलेला गुप्त डेटा तर यादृच्छिक अंकांसारखाच दिसतो, म्हणून त्यांवर मंडल चालवणे व्यर्थ असते. संकोचन आधी आणि गुप्तीकरण नंतर, हाच क्रम पाळावा लागतो. निर्व्यय संकोचनात चुकीला क्षमा नसल्यामुळे अनेक मंडले आटवलेला डेटा लगेच उलगडून मूळ डेटाशी ताडून पाहतात आणि मगच तो पुढे देतात. विश्वासाची ही किंमत रचनेतच धरावी लागते.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र काळाची आहे. सॉफ्टवेअर बदलता येते, पण सिलिकॉनवर जे एकदा उमटले ते त्या चिपच्या आयुष्यभर तसेच राहते. डिफ्लेटसाठी घडवलेले मंडल झेडस्टँडर्डची फाइल समजू शकत नाही. रचना नंतरही बदलता येणाऱ्या एफपीजीए चिपा हा मधला मार्ग आहे, परंतु वेग आणि वीज या दोन्ही बाबतींत त्या कायमच्या मंडलाच्या मागे राहतात. कोरताना केलेली काटकसरही कायमची होते. इंटेलच्या विश्लेषणासाठी असलेल्या एका गतिवर्धकात मागे पाहण्याची मर्यादा केवळ ४ किलोबाइटांची आहे. इंग्रजी मजकुरासाठी ही स्मृती चार हजार अक्षरांची ठरते, देवनागरीसाठी मात्र अवघ्या चौदाशेच्या आतबाहेर चिन्हांची. पद्धतींची पारख बहुतांशी इंग्रजी मजकुरावर होत असेल, तर अशा निर्णयांचा भार कोणत्या भाषांवर पडतो हे दिसतही नाही. मराठीत काम करणाऱ्या अभियंत्यांनी आणि संस्थांनी मराठी मजकुरावर या यंत्रांची पारख करण्याचे महत्त्व यातून कळून येते.

या सर्व प्रवासात शॅननने घालून दिलेली मर्यादा जागची हललेली नाही. ३८८ पट वेगवान मंडलही डेटाला त्याच्या अंगच्या माहितीपेक्षा लहान करू शकत नाही. किंबहुना शोधात काटकसर केल्यामुळे ते त्या मर्यादेपासून सॉफ्टवेअरपेक्षा थोडे दूरच थांबते. बदलले आहे ते एवढेच, की जेथे संकोचन करावे की नाही याचा हिशेब मांडावा लागत असे, तेथे तो मांडण्याचे कारण उरले नाही. चिपच्या अर्ध्या टक्क्यात ज्याची सोय होते ते सरसकट करणे परवडते, आणि मग राखीव प्रती, जाळ्यातील वाहतूक, मेमरीतील पडून असलेली पाने हे सारे न विचारताच आटोपशीर होते.

हे साध्य झाले त्यात चिप घडवणाऱ्यांच्या कौशल्याइतकाच वाटा एका खुल्या कराराचाही आहे. डिफ्लेटचे वर्णन कोणालाही वाचता येत होते, वापरायला कोणाची परवानगी लागत नव्हती आणि जगातील असंख्य फाइली त्याच रूपात होत्या, म्हणून कॅट्झची पद्धत तिच्या जन्मानंतर दोन-तीन दशकांनीही कोट्यवधींचा खर्च करून सिलिकॉनवर उतरवण्याजोगी ठरली. ‘सदरहू’ हा शब्द दस्तऐवजात काम करतो तो लिहिणारा आणि वाचणारा या दोघांनाही त्याचा अर्थ सारखाच ठाऊक असतो म्हणून; संकोचनाचेही तसेच आहे, आणि दगडात कोरावा असा मजकूर तोच असतो, ज्यावर सर्वांचे आधीच एकमत झालेले आहे.